हरीण आणि निशाण: ब्रिटनमध्ये रायफलचे कॅलिबर कसे निवडावे

ब्रिटनमध्ये राहणारा मराठी माणूस रायफलकडे वळला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ".२४३ घेऊ की .३०८?" मला कुणी हे विचारले की मी उत्तराआधी चार गोष्टी विचारून घेतो. शिकारीची परवानगी कुठल्या जमिनीवर मिळाली आहे? तिथे कुठली हरणे आहेत? क्लबची रेंज किती अंतराची आहे? आणि महिन्याला किती काडतुसे झाडायची ऐपत आणि सवड आहे? या चारांची उत्तरे मिळाली की कॅलिबर जवळजवळ आपोआप ठरते. ती नसताना घेतलेली रायफल बहुतेक वेळा दोन वर्षांत विकली जाते.

हा लेख इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असे मला मनापासून वाटते. इथली परिस्थिती वेगळी आहे. लांडगे आणि लिंक्स इथून शेकडो वर्षांपूर्वी नाहीसे झाले. हरणांना खाणारे कुणी उरले नाही, आणि वाढलेले कळप जंगलात नवे झाड वर येऊ देत नाहीत. म्हणून कायद्याने ठरवलेल्या हंगामात, ठरवलेल्या बंदुकीने हरणे मारली जातात आणि त्यांचे मांस खाल्ले जाते. दबकत, वारा तोंडावर घेत हरणाच्या टप्प्यात जायचे आणि एकाच गोळीत त्याला संपवायचे, याला इथे स्टॉकिंग म्हणतात. ते जनावर तडफडू नये ही जबाबदारी पूर्णपणे आपली असते. कॅलिबरची सगळी चर्चा या जबाबदारीपासून सुरू होते.

आधी आकडे वाचायला शिका

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास. .२४३ म्हणजे ०.२४३ इंच, सहा मिलिमीटरहून किंचित जास्त. .३०८ म्हणजे पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास. "६.५" म्हटल्या जाणाऱ्या काडतुसांची गोळी प्रत्यक्षात ०.२६४ इंचाची असते.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि इथे आपल्या लोकांना एक आयती फूटपट्टी आहे. जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. .३०८ ची १८० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा शिसे आणि तांबे. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून थोडी जड. हे एकदा डोक्यात बसले की खोक्यावरचे आकडे परके वाटत नाहीत.

तिसरा आकडा वेगाचा, फूट प्रति सेकंद. आणि चौथा नळीच्या तोंडाशी असलेल्या ऊर्जेचा, फूट-पाउंडमध्ये. हा चौथा आकडा स्वतः काढता आला पाहिजे: गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचे काम. कायदा याच आकड्यावर बोट ठेवतो.

जमीन आणि हरीण

इथे हरणांच्या सहा जाती मोकळ्या फिरतात. सगळ्यात मोठे रेड डियर, त्याखालोखाल सिका आणि फॅलो. फॅलोच्या अंगावरचे ठिपके पाहून आपल्याला चितळ आठवते. मग लहान चणीचे रो, आणि शेवटी मुंटजॅक व चायनीज वॉटर डियर. सह्याद्रीत संध्याकाळी भेकर भुंकताना ज्याने ऐकले आहे, त्याला मुंटजॅकचा आवाज लगेच ओळखू येईल. ते भेकराचेच चिनी भावंड आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या डियर ॲक्टनुसार हरणासाठी किमान .२४० कॅलिबर आणि किमान १७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते. फक्त मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डियर यांना सूट आहे: .२२० कॅलिबर, ५० ग्रेनची गोळी आणि १००० फूट-पाउंड पुरतात. स्कॉटलंडचा कायदा व्यासाबद्दल बोलत नाही, तो वजन आणि वेग पाहतो. तिथे किमान ८० ग्रेनची गोळी, २४५० फूट वेग आणि १७५० फूट-पाउंड ऊर्जा हवी. रो हरणासाठी ५० ग्रेन, २४५० फूट आणि १००० फूट-पाउंड चालतात. दोन्हीकडे गोळी लागल्यावर फुलणारी असावी लागते. रेंजवरची टणक टोकाची गोळी हरणावर चालत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. .२२३ रेमिंग्टन, ५५ ग्रेन, ३२४० फूट, म्हणजे सुमारे १२८० फूट-पाउंड. स्कॉटलंडात या रायफलने रो मारता येते. सीमा ओलांडून इंग्लंडातल्या नॉर्थंबरलंडमध्ये आलात की त्याच जातीच्या हरणावर तीच रायफल बेकायदा ठरते, कारण व्यास .२४० च्या खाली आहे. दोन्ही बाजूंना परवानगी असेल तर .२२३ ला हरणाची रायफल समजूच नका.

खोक्यावरचा आकडा तुमच्या रायफलचा नसतो

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे.

हरणासाठी माझी पहिली रायफल .२४३ होती, हलकी, २० इंची नळीची. गर्द झाडीत आखूड नळी बरी पडते म्हणून मुद्दाम तशी घेतलेली. खोक्यावर लिहिले होते: १०० ग्रेन, २९६० फूट. हिशेब केला तर १९४६ फूट-पाउंड. इंग्लंडही खूश, स्कॉटलंडही खूश. दोन हंगाम मी याच समजुतीत काढले.

मग क्लबात एका सदस्याने वेग मोजायचे यंत्र, क्रोनोग्राफ, आणले. डिसेंबरची सकाळ होती, थंडीने बोटे आखडली होती. पाच गोळ्या झाडल्या: २७८४, २७९६, २८०१, २७७९, २७९०. सरासरी २७९०. मी तिथेच टेबलावर गणित मांडले आणि उत्तर आले १७२९ फूट-पाउंड. इंग्लंडची १७०० ची रेघ जेमतेम ओलांडलेली, आणि स्कॉटलंडच्या १७५० च्या खाली. ज्या रायफलने मी ट्वीड नदीपलीकडे, म्हणजे स्कॉटलंडात, रो आणि रेड दोन्हीच्या मागे गेलो होतो, ती रेड हरणासाठी तिथे कायदेशीर नव्हती. सुदैवाने रेडवर गोळी झाडायची वेळ आली नव्हती. पण त्या दिवशी घरी येताना गाडीत मला फार अपराधी वाटत होते.

कारण साधे आहे. कंपन्या वेग मोजतात तो बहुधा २४ इंची चाचणी नळीतून. नळी एक इंचाने कमी झाली की .२४३ सारख्या काडतुसाचा वेग साधारण २५ ते ३० फुटांनी घटतो. थंडीत बारूद थोडी मंद जळते, तिथे आणखी काही फूट जातात. प्रत्येक नळीचा स्वतःचा स्वभाव असतो तो वेगळाच. म्हणून नियम हा: कॅलिबर ठरवताना कायद्याच्या रेघेपेक्षा निदान दीडशे-दोनशे फूट-पाउंड वर राहील असेच घ्या, आणि रायफल हातात आल्यावर पहिल्या महिन्यातच तिचा वेग मोजून वहीत लिहून ठेवा. .३०८ किंवा ६.५ घेतलीत तर ही धास्ती राहत नाही. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २८२० फुटांनी निघते, म्हणजे साडेसव्वीसशेच्या आसपास. त्यातून दोनशे-तीनशे गेले तरी बिघडत नाही.

गोळी कशाची?

ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये शिशाच्या छऱ्यांवर आणि मोठ्या कॅलिबरच्या शिकारी गोळ्यांवर बंदी जाहीर केली आणि बदलासाठी तीन वर्षांची मुदत ठेवली. याचा अर्थ आज हरणासाठी रायफल घेणाऱ्याने ती तांब्याच्या गोळीसाठीच घेतो आहोत असे धरून चालावे. मांस खाणार असाल तर शिसे जितके लांब तितके चांगले, हेही आहेच.

तांबे शिशापेक्षा हलके आहे. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला सरळ ठेवायला नळीतले पेच जास्त घट्ट लागतात. यालाच ट्विस्ट म्हणतात. १:१० म्हणजे दहा इंचांत एक फेरा, १:८ म्हणजे आठ इंचांत. जुन्या .२४३ रायफलींचा ट्विस्ट बहुधा १:१० असतो. त्यात शिशाची १०० ग्रेनची गोळी ठीक जाते, तांब्याची तेवढ्या वजनाची गोळी डगमगते. स्कॉटलंडने २०२३ मध्ये किमान वजन १०० वरून ८० ग्रेनवर आणले ते यासाठीच. त्यानंतर मी माझ्या .२४३ मध्ये ८० ग्रेनची तांब्याची गोळी भरून पाहिली. वेग आला ३१८०, ऊर्जा १७९७. आता ती दोन्ही देशांत बसते, पण फरकाने नव्हे, काठाकाठाने. त्यामुळे स्कॉटलंडच्या डोंगरात मी आजही ती नेत नाही.

तांब्याची आणखी एक अट आहे. ती फुलायला वेग लागतो. हरणाला लागताना साधारण २००० फुटांच्या वर असेल तर ती नीट उमलते, त्याखाली ती आरपार जाऊन लहान भोक पाडू शकते. म्हणून लांबून मारण्याचा मोह तांब्याने आणखी कमी करावा. कायद्याच्या आकड्यांत न मावणारी ही गोष्ट आहे, पण जनावराच्या यातना तिच्यावर ठरतात.

दुकानात गेल्यावर नळीवर कोरलेला किंवा कागदावर छापलेला ट्विस्ट विचारा. विक्रेत्याला तो सांगता आला नाही तर बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. .२४३ नवी घेत असाल तर १:८ च्या आसपासची नळी शोधा. ६.५ काडतुसांच्या नळ्या मुळातच १:८ च्या असतात. तांब्याच्या काळात ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे.

निशाणबाजीची गरज वेगळी

कॉलेजात एनसीसीत असताना ज्यांनी .२२ रायफल झाडली आहे, त्यांना इथल्या क्लबात घरी आल्यासारखे वाटेल. सुरुवात .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसानेच होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले ते याच काडतुसाच्या जोरावर. हरणासाठी .२२ एलआर बेकायदा आहे आणि क्रूरही. पण श्वास, चाप आणि नजर यांचे शिक्षण जितके .२२ वर होते तितके दुसऱ्या कशावरही होत नाही, आणि काडतूस स्वस्त. मोठ्या कॅलिबरची रायफल घेणाऱ्या प्रत्येकाला मी सोबत एक .२२ घ्यायला सांगतो.

मोठ्या अंतराची निशाणबाजी म्हटली की इथे सरे परगण्यातले बिस्ली आठवते. नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ मध्ये स्थापन झाली आणि १८९० मध्ये विम्बल्डनहून बिस्लीला आली. तिथल्या सेंच्युरी रेंजवर ६०० यार्डांपर्यंत आणि स्टिकलडाउनवर १२०० यार्डांपर्यंत नेम धरता येतो. इथे कॅलिबर तुमची आवड ठरवत नाही, स्पर्धेचा प्रकार ठरवतो. टार्गेट रायफल आणि एफ/टीआर (दुर्बीण आणि आधार लावून झाडायच्या एफ-क्लास स्पर्धेचा एक वर्ग) या प्रकारांत .३०८ आणि .२२३ एवढीच दोन काडतुसे चालतात. ६.५ क्रीडमूर घेऊन एफ-क्लासला गेलात तर तुम्हाला एफ-ओपन या खुल्या वर्गात उतरावे लागते, जिथे समोर ७ मिलिमीटरच्या जड, खास बांधलेल्या रायफली असतात. आमच्या क्लबातल्या एका तरुणाने हे न पाहता महागडी ६.५ घेतली आणि पहिल्याच स्पर्धेत त्याचा हिरमोड झाला. रायफल उत्तम होती, वर्ग चुकला होता.

स्पर्धा नको, फक्त लांबचा कागद टिपण्याचा आनंद हवा असेल तर ६.५ ला तोड नाही. तिची गोळी सडपातळ असते, वारा तिला कमी ढकलतो. १००० यार्डांवर आडव्या वाऱ्यात .३०८ जितकी वाहते त्याच्या साधारण दोन-तृतीयांश ६.५ वाहते. मात्र नळी लवकर झिजते. .३०८ ची नळी पाच हजार गोळ्या सहज पाहते, ६.५ क्रीडमूरची अडीच-तीन हजारांच्या आसपास थकू लागते.

एकच रायफल दोन्हीसाठी वापरायची असेल तर तडजोड नळीच्या जाडीत होते. हरणाची रायफल हलकी, पातळ नळीची. रेंजवर पाच-सहा गोळ्या लागोपाठ झाडल्या की ती तापते आणि गोळ्यांचा झुबका पसरतो. जाड नळी शंभर गोळ्या शांतपणे झाडते, पण ती खांद्यावर घेऊन चिखलातून डोंगर चढायचा म्हणजे कठीण. मधल्या जाडीची २२ इंची नळी आणि झाडण्यामध्ये निवांत विश्रांती, हा मला पटलेला मार्ग.

खांद्याला विचारा

धक्क्याबद्दल लोक खरे बोलत नाहीत. धक्क्याला घाबरणारा माणूस चाप ओढण्याआधी डोळे मिटतो आणि हरणाच्या छातीऐवजी पोटात गोळी घालतो. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का .३०८ च्या निम्म्याहून थोडा जास्त असतो, ६.५ मधोमध आणि .२७० साधारण .३०८ इतका. साउंड मॉडरेटर लावला की धक्का आणि आवाज दोन्ही उतरतात. इथे तो लावणे हीच रीत आहे, कानांसाठीही आणि शेजाऱ्यांसाठीही.

क्लबात कुणाची .३०८ झाडून पाहा. मित्राला सांगा की मधूनच न सांगता रिकामे सराव-काडतूस भरून द्यायचे. चाप ओढल्यावर नळी खाली झुकली तर तुम्ही धक्क्याची वाट पाहत होतात. अशा वेळी लहान कॅलिबर घेण्यात काहीही कमीपणा नाही. फुप्फुसात बसलेली .२४३ पोटात बसलेल्या .३०० मॅग्नमपेक्षा शतपटीने दयाळू असते.

माझा कौल

इंग्लंडातली शेते आणि झाडी, रो आणि मुंटजॅक, शंभर मीटरच्या आतले टप्पे, कधीमधी शंभर-दोनशे मीटरची रेंज: .२४३ पुरते, नळी २२ इंचांची आणि ट्विस्ट घट्ट असेल तर.

रो, फॅलो, रेड सगळेच, सीमेच्या दोन्ही बाजूंना, आणि रेंजवरही मजा हवी: ६.५×५५ किंवा ६.५ क्रीडमूर. पहिले काडतूस १८९४ चे, स्वीडन आणि नॉर्वेने मिळून लष्करासाठी घडवलेले आणि एल्कपर्यंत सगळ्यावर सिद्ध झालेले. दुसरे २००७ मधले, हॉर्नडी कंपनीचे, थोडे आखूड. हरणाला दोघांतला फरक कळत नाही. क्रीडमूरची काडतुसे आणि नव्या रायफली जास्त सहज मिळतात, एवढाच माझा निकष. मी स्वतः आज हीच वापरतो.

टार्गेट रायफल किंवा एफ/टीआर स्पर्धा गंभीरपणे करायची आणि वर्षातून चार-दोन हरणे: .३०८. १९५२ पासून बाजारात आहे, काडतूस सहज मिळते, आखूड नळीतही तगून राहते. तांब्याच्या गोळीला फार लाड लागत नाहीत.

.२७० बद्दल आदर आहे. काडतूस १९२५ चे, स्कॉटिश डोंगरावर तिचे नाव आहे, पण जवळून मारलेल्या रो हरणाचा पुढचा अर्धा भाग ती नासवते. जे मांस वाया जाते तेही त्या जनावराचेच असते. .३०-०६ हाताशी वारसाने आली असेल तर आनंदाने वापरा, नवी घ्यायची गरज मला दिसत नाही.

अर्ज करताना

इथे रायफल आधी आणि परवाना मग असे चालत नाही. पोलिसांकडे फायरआर्म सर्टिफिकेटचा अर्ज करताना प्रत्येक कॅलिबरसाठी सबळ कारण द्यावे लागते. हरणासाठी जमीनमालकाची लेखी परवानगी, निशाणबाजीसाठी सरकारमान्य क्लबचे पूर्ण सदस्यत्व. एकाच रायफलीचा दोन्हींसाठी उपयोग करणार असाल तर अर्जात दोन्ही कारणे स्पष्ट लिहा, म्हणजे सर्टिफिकेटच्या अटींत दोन्ही उतरतील. नुसते "हरीण" लिहून मिळालेल्या रायफलीने रेंजवर स्पर्धा खेळणे अडचणीत आणू शकते. गोळ्यांची संख्याही विचार करून मागा: एका वेळी जवळ किती ठेवायच्या आणि किती विकत घ्यायच्या, हे दोन वेगळे आकडे असतात. सराव करणाऱ्याने ते फार लहान मागू नयेत.

सर्टिफिकेट हातात येईपर्यंतचे महिने वाया घालवू नका. डियर स्टॉकिंग सर्टिफिकेटची पहिली पातळी द्या. तिच्या नेमबाजी परीक्षेत शंभर मीटरवर तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवाव्या लागतात, मग हरणाच्या चित्रावर १००, ७० आणि ४० मीटरवरून प्रत्येकी दोन.

आणि रायफल आली की पहिल्या दिवशी हरणामागे जाऊ नका. शिकारीला चालतील अशा तीन वेगवेगळ्या तांब्याच्या गोळ्यांचे एकेक खोके आणा, प्रत्येकातून शंभर मीटरवर तीन-तीनचे दोन झुबके पाडा, नळी मध्ये गार होऊ द्या. ज्या खोक्याचा झुबका लहान, त्याच्यावर क्रोनोग्राफ लावा, ऊर्जा काढा, वहीत तारीख, थंडी आणि आकडा लिहा. मग तशीच, जमल्यास त्याच बॅचची, आणखी पाच खोकी घेऊन ठेवा.